कायापुटी : आधी ओळख, मग लागवड

पुण्यातील जुन्या बागांतून शोभेसाठी लावलेला कायापुटी हा वृक्ष त्याच्या सालीवरून ओळखावा. ही साल पांढुरकी व मऊ असून जुन्या पोथीच्या पानांप्रमाणे थरांथरांनी सुटते. ती सोलून पाहण्याचा मोह लहानांनाच होतो असे नाही!

यास काजुपुटी असेही म्हणतात. परंतु काजूशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. मलाय भाषेत 'कायु' म्हणजे लाकूड आणि 'पुतिह' म्हणजे पांढरे. लिनियसने १७६७ साली या वंशास मेलाल्युका हे नाव दिले. त्याचा ग्रीक अर्थ मात्र 'काळा-पांढरा' असा आहे. वणव्याने काळवंडलेला बुंधा व वरील पांढरे खोड यांवरून ते पडले असावे, असे मानतात. कूळ जांभूळ, पेरू, लवंग व निलगिरी यांचेच.

या एका नावाखाली निरनिराळ्या जाती मोडतात, आणि खरी अडचण येथेच आहे. औषधी तेलाची जात ब्रह्मदेशापासून इंडोनेशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत नैसर्गिकरीत्या वाढते. तिच्या पानांपासून ऊर्ध्वपातनाने काढलेले तेल डोकेदुखी व सर्दीवरील मलमांत वापरतात. त्यात निलगिरी तेलातीलच सिनिओल हे द्रव्य असते. मोलुकास बेटांत सालीचा उपयोग होड्यांच्या फटी बुजविण्यास होई. दुसरी जात पूर्व ऑस्ट्रेलिया व न्यू कॅलेडोनियातील. केवळ साल पाहून या दोहोंतील भेद सांगणे कठीण असते. त्यामुळे तेलासाठी लागवड करू इच्छिणाऱ्याने रोपवाल्याच्या शब्दावर विसंबून पैसा गुंतवू नये. रोपाची शास्त्रीय जात लेखी घ्यावी आणि तेलास गिऱ्हाईक कोण, हे आधी पाहावे.

कालव्याखालील पाणथळ जमिनीसाठी या वृक्षाचा मोह होणे स्वाभाविक आहे, कारण त्याची मुळे साचलेले पाणी सोसतात. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात याच हेतूने व शोभेसाठी पूर्व ऑस्ट्रेलियातील जात विसाव्या शतकाच्या आरंभी लावली गेली. तिने तेथील लक्षावधी एकर दलदल व्यापली व मूळची वनस्पती हटविली. मोठ्या झाडावर लाखो बारीक बिया बोंडांत वर्षानुवर्षे मिटून राहतात. झाड तोडले वा जाळले की त्या एकदम झडतात. म्हणजे कुऱ्हाड चालविणाराच पेरणी करतो! अखेर १९९७ मध्ये तिची पाने खाणारा सोंड्या किडा ऑस्ट्रेलियातून आणून तेथे सोडावा लागला.

आपल्याकडील कोरड्या हवेत तसेच घडेल असे नव्हे. तरीही तलावाचा काठ, ओढा व खाजण येथे हा वृक्ष लावू नये. बागेत एखादे झाड असण्यास हरकत नाही. त्याच्या फुलांवर मधमाश्याही येतात. पाणथळ शेतास मात्र प्रथम चर खणून निचरा द्यावा, आणि बांधावर झाड हवेच असेल तर त्याच कुळातील आपले जांभूळ लावावे. त्यालाही ओल मानवते, आणि फळ घरी खाता येते वा बाजारात विकता येते.