भिंगापुढील काच



छायाचित्रणाची हौस आमच्या शाळेत अलीकडे बरीच वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. ज्या घरांत पूर्वी वर्षाकाठी एखादा फोटो, तोही दुकानात जाऊन काढला जाई, त्या घरांतील मुले आज स्नेहसंमेलनात गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडताना दिसतात. परंतु कॅमेऱ्यामागोमाग घरात एक प्रश्नही येतो. दुकानदार सांगतो, भिंगापुढे संरक्षक फिल्टर बसवून घ्या. तो घ्यावा की न घ्यावा, असे पालक आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. पण ज्या घरी ओव्हरटाइमच्या पैशांतून, हप्त्याहप्त्याने कॅमेरा आला, त्या घरास तो क्षुल्लक नाही. म्हणून त्याविषयी आमचे मत येथे मांडतो.

प्रथम ही काच आली कोठून ते पाहू. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी हौशी मंडळी छायाचित्रे घेऊ लागली. त्या काळच्या काचपट्ट्यांवर निळ्या व अतिनील किरणांचा परिणाम फार होई. आकाश कोरे पांढरे उमटे. पुढे फिल्म आली, तरी तिच्यावरही अतिनील किरणांचा परिणाम होतच असे. डोंगरमाथ्यावरील चित्रांत धुरकटपणा येई. तो टाळण्यासाठी अतिनील किरण अडविणारा फिल्टर लावीत. म्हणजे त्या काळी ही काच खरोखरच कामाची होती. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे असे किरण अडविणारी काच आधीच बसविलेली असते. फिल्टरचे मूळ काम संपले. राहिले ते केवळ पहारेकऱ्याचे.

आता पहारेकरी असणे वाईट का, असे कोणी विचारील. त्यांचे म्हणणे आम्ही हलके लेखीत नाही. आमच्याच एका विद्यार्थ्याचा कॅमेरा गर्दीत दगडी कट्ट्यावर आपटला. फिल्टरचा चुरा झाला, भिंग मात्र शाबूत राहिले. त्याच्या वडिलांस त्या दिवशी जो सुटकेचा श्वास लाभला, त्याचे मोल कोण नाकारील? तथापि फिल्टरची पातळ काच भिंगाच्या जाड काचेहून फार लवकर फुटते, व तिचेच तुकडे कधी कधी भिंगावर ओरखडे काढतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे ते आम्ही स्वतःच्या चुकीने शिकलो. आमच्या मातोश्रींच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, दिवे मालवून, मेणबत्त्यांच्या उजेडात आम्ही त्यांचे छायाचित्र घेतले. भिंगापुढे स्वस्तातला फिल्टर होता. काचेचा साधा पृष्ठभाग त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फेकतो; दोन पृष्ठभागांचे मिळून सुमारे ८ टक्के. ज्योतींचा प्रकाश सेन्सरवरून उलट फिरून फिल्टरवर आदळला, तेथून पुन्हा आत आला, आणि मातोश्रींच्या कपाळावर व गालावर फिकट हिरव्या, उलट्या ज्योती उमटल्या. त्यांचा पुढला वाढदिवस आमच्या घरी झाला नाही. भिंगाला ओरखडा पडला असता तर दुरुस्त करविता आला असता, नवे भिंगही घेता आले असते. तो क्षण काही कोठे मिळत नाही. ज्याच्या रक्षणासाठी आपण काच लावतो ते भिंग अखेर साधन आहे, चित्र हे साध्य आहे, हे त्या दिवशी आम्हांस कळले.

मग फिल्टर टाकून द्यावा काय? तसेही नाही. निसर्गाने डोळ्यास पापणी दिली आहे. धूळ आली की ती मिटते, पाहावयाचे असले की उघडते. फिल्टर असाच वापरावा. आपली जुनी सांगवी मुळा व पवना यांच्या मध्ये वसलेली. पवनेपलीकडे दापोडीवरून तुकोबांची पालखी पुण्याकडे जाते. त्या दिवशी रेटारेट असते, पावसाचे शिंतोडे असतात. तेथे फिल्टर अवश्य लावावा. जेजुरीचा भंडारा, रंगपंचमीचा रंग, चाकणच्या रस्त्याची धूळ, कोकणातील समुद्राचे खारे तुषार, येथेही लावावा. पण संध्याकाळी नदीकाठी मावळता सूर्य समोर असता, गणेशविसर्जनाच्या रात्री, संमेलनाच्या रंगमंचावर दिवे झळकत असता, तो काढून खिशात ठेवावा.

नेहमीच्या रक्षणास भिंगाचे टोपण व पुढे बसणारे हूड पुरेसे आहे. हूड धक्का सोसते, शिवाय आडवा उजेड अडवून चित्र सुधारते. फिल्टर घ्यावयाचाच तर दोन्ही बाजूंस परावर्तन रोखणारे अनेक लेप दिलेला घ्यावा. पावसाळ्यात भिंगास बुरशी लागते, ती फिल्टरने टळत नाही; त्यासाठी कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह ठेवावा. आणि 'संरक्षक' या नावास भुलून त्यातून सूर्याकडे कधीही पाहू नये; डोळ्यांचे रक्षण तो मुळीच करीत नाही.

आमच्या शब्दावर विसंबू नका. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती लावा. ती चौकटीच्या एका कोपऱ्याजवळ येईल असा कॅमेरा स्थिर ठेवा. एकदा फिल्टर लावून व एकदा काढून चित्र घ्या, आणि समोरचा कोपरा ताडून पाहा. निकाल तुमचा तुम्हांसच दिसेल.

शेवटी पालकांस एक नम्र विनंती. मुलाच्या हाती कॅमेरा देताना "जपून हं, महाग आहे" एवढेच सांगाल, तर तो मुलगा कॅमेरा जपेल आणि चित्रे काढणार नाही. पट्टा गळ्यात कसा घालावा, टोपण केव्हा लावावे, मऊ कापडाने भिंग कसे पुसावे, हे त्यास शिकवा व मग त्यावर विश्वास टाका. दुकानात विकत मिळणाऱ्या काचेपेक्षा अंगी बाणलेली सवय अधिक टिकाऊ असते, आणि ती कोणत्याही चित्रावर डाग पाडीत नाही.