अमेरिकेतील प्रवासी परिचारिका : दलालावाचूनचे काम कितपत हिताचे?

अमेरिकेतील इस्पितळांत मनुष्यबळाची उणीव भासली, की ठरावीक मुदतीसाठी, बहुधा १३ आठवड्यांसाठी, दुसऱ्या गावाहून वा राज्यातून परिचारिका बोलावल्या जातात. त्यांना तेथे प्रवासी परिचारिका म्हणतात. ही व्यवस्था सहसा एजन्सीमार्फत चालते. इस्पितळ एजन्सीला तासाच्या दराने रक्कम देते. त्यातून आपला खर्च व नफा वजा करून एजन्सी परिचारिकेला वेतन देते. कोरोनाच्या साथीत हे दर कमालीचे वाढले. पुढे मागणी ओसरल्यावर चालू करारांतच वेतन कमी केल्याच्या तक्रारी झाल्या व २०२२ मध्ये काही एजन्सींविरुद्ध खटलेही दाखल झाले. साहजिकच अनेकींच्या मनात विचार आला, की मधल्या एजन्सीला वाटा देण्यापेक्षा स्वतंत्र कंत्राटदार म्हणून इस्पितळाशी थेट करार का करू नये?

आपल्या धर्मग्रामांतील मुलीही परिचर्येचे शिक्षण घेऊन परदेशी जातात. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

एजन्सीचा वाटा दिसतो, परंतु तिने उचललेला भार सहसा नजरेस पडत नाही. नोकरीत सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर यांसाठी वेतनाच्या ७.६५ टक्के रक्कम कर्मचारी भरतो आणि तेवढीच मालक भरतो. स्वतंत्र कंत्राटदाराला दोन्ही वाटे, म्हणजे १५.३ टक्के, स्वतःच भरावे लागतात. १,००० डॉलर निव्वळ उत्पन्नावर नोकरदार परिचारिकेचे ७६.५० डॉलर जातात, तर कंत्राटदार परिचारिकेचे सुमारे १४१ डॉलर. यातील निम्मी रक्कम आयकरासाठी वजावट म्हणून मिळते हे खरे. तथापि आयकर निराळा असून तो दर तिमाहीला अंदाजाने भरावा लागतो. आरोग्यविमा, व्यावसायिक चुकीबद्दलचा विमा आणि दोन करारांमधील बिनपगारी दिवस यांचा भारही तिच्यावरच पडतो.

याहून गंभीर बाब संरक्षणाची आहे. १९३८ च्या कायद्यानुसार आठवड्यात ४० तासांहून अधिक काम करणाऱ्या तासिक वेतनाच्या कर्मचाऱ्याला जादा तासांसाठी दीडपट वेतन मिळते. कंत्राटदाराला हा कायदा लागू नाही. रुग्णाला उचलताना पाठ दुखावली अथवा हाताला सुई टोचली, तर कामगार नुकसानभरपाईचा आधारही त्याला सहसा नसतो.

मग खरा कंत्राटदार कोण? केवळ कागदावर तसे लिहिल्याने कोणी कंत्राटदार ठरत नाही. दर कोण ठरवतो, कामाच्या वेळा कोण आखतो, नफातोटा कोणाचा, हे न्यायालय पाहते. व्हर्जिनियातील मेडिकल स्टाफिंग ऑफ अमेरिका या कंपनीने आपल्या परिचारिकांकडून स्वतंत्र कंत्राटदार असल्याचे करार लिहून घेतले होते. न्यायालयाने २०२२ मध्ये त्या प्रत्यक्षात कर्मचारीच असल्याचा निर्णय दिला. सुमारे १,१०० परिचारिकांना थकबाकी व भरपाई मिळून लाखो डॉलर देणे कंपनीवर आले, आणि अपील न्यायालयाने २०२३ मध्ये तो निर्णय कायम केला. कॅलिफोर्नियात २०२० पासून लागू झालेला कायदा अधिक कडक आहे. त्यातून डॉक्टरांना सूट मिळाली, परिचारिकांना मात्र नाही. केंद्रीय श्रमखात्याने २०२४ मध्ये कडक नियम आणला, पण मे २०२५ मध्ये आपल्या तपासणीत तो न वापरण्याचे ठरवले. सरकारी धोरण असे बदलत असता, केवळ त्यावर विसंबून करिअरचा निर्णय घेणे धोक्याचे आहे.

वॉर्डात काम करणारी परिचारिका इस्पितळाच्या वेळापत्रकानुसार, त्याच्याच साधनांनी आणि त्याच्याच देखरेखीखाली काम करते. तेथे 'स्वतंत्र' हा शब्द बहुधा नावापुरता उरतो. शिवाय अनेक मोठी इस्पितळे एकट्या परिचारिकेशी करार न करता एजन्सींशीच करतात. ज्यांचे स्वतःचे ग्राहक आहेत व ज्या आपला दर स्वतः ठरवू शकतात, अशा सल्लागार वा प्रशिक्षक परिचारिकांना हा मार्ग अधिक मानवतो.

परदेशातून गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विशिष्ट मालकासाठी मिळालेल्या तात्पुरत्या व्हिसावर स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम करता येत नाही. तसे केल्यास तेथील वास्तव्यच धोक्यात येऊ शकते. कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर मार्ग खुला होतो. तरीही पहिल्या मालकाशी केलेल्या कराराच्या अटी आधी नीट तपासाव्यात.

एजन्सी निर्दोष आहेत असा याचा अर्थ नव्हे. इस्पितळाकडून किती रक्कम मिळते, हे त्यांना स्पष्टपणे विचारावे. करार मध्येच रद्द झाल्यास काय, आश्वासन दिलेल्या तासांचे काय, हे लेखी घ्यावे. मग दोन्ही प्रस्तावांतील कर, विमा व रिकामे आठवडे वजा करून हाती काय उरते ते मांडावे. तासाचा मोठा दर पाहून हुरळून जाण्यापूर्वी, आजारी पडल्यास वा काम अचानक थांबल्यास भार कोण उचलणार, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलीसोबत बसून विचारावा.