तुटणं, फुटणं आणि 'ब्रेक' होणं

थर्ड इयरला आलं की हॉस्टेलच्या रूमारूमांत जीआरईच्या वर्ड लिस्ट फिरायला लागतात. आज 'फ्रॅजाइल', उद्या 'फ्रॅगमेंट', परवा 'रप्चर'. सगळ्यांपुढे अर्थ एकच, मोडणं, आणि घोकंपट्टी चालू! माझं स्पष्ट मत आहे, शब्द असे शिकायचे नसतात. शब्दांनाही घराणं असतं.

आता बघा, लॅटिनमध्ये 'फ्रांगेरे' म्हणजे मोडणं. त्यातून फ्रॅक्चर, फ्रॅजाइल तर आलेच, पण गणितातलं फ्रॅक्शन आणि फिजिक्सचं रिफ्रॅक्शनही आलं. पाण्यात शिरताना मोडलेला किरण! दुसरं घराणं 'रुम्पेरे'चं: रप्चर, इंटरप्ट, इरप्शन, करप्ट. 'बँकरप्ट'चं मूळ तर इटालियन 'बांका रोत्ता', म्हणजे मोडलेलं बाकडं. पूर्वी सावकार बाकड्यावर बसून व्यवहार करायचे ना! दोन मुळं धरली की अर्धं पान आपोआप पाठ.

पण खरी गंमत पुढेच आहे. रोजच्या बोलण्यात इंग्रजीला एक 'ब्रेक' पुरतो. मराठीचं तसं नाही. काच फुटते, दोरी तुटते, खुर्चीचा पाय मोडतो, भिंतीला तडा जातो, शिवण उसवते. १९६१ साली पानशेत धरण 'फुटलं', कुणी 'तुटलं' म्हणत नाही. उपास सोडणं वेगळं आणि मोडणं वेगळं. म्हणजे वस्तू कशाची आणि ती गेली कशी, हे आपलं क्रियापदच सांगतं.

मटेरियल सायन्समध्ये तरी दुसरं काय शिकतो आपण? खडू कट्‌कन मोडतो, तांब्याची तार ताणत, बारीक होत तुटते. पहिलं ब्रिटल, दुसरं डक्टाइल. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला उभं असलेलं 'स्केनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन मधोमध तडकलं. ना वादळ, ना टक्कर! थंडीत स्टील ठिसूळ झालं होतं आणि वेल्डिंगने सलग जोडलेल्या सांगाड्यात तडा पसरतच गेला.

हे सगळं मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या वर्गमित्रांना नीट समजतं. पण व्हायव्हाला 'ब्रिटल' हा एक शब्द वेळेवर आठवत नाही आणि ते गप्प बसतात. मी पडले कॉन्व्हेंटवाली, इंग्रजी फाडफाड बोलते, त्यामुळे अर्धवट उत्तरावरही माझं निभावून जातं. हा कुठला न्याय? परीक्षा इंजिनीअरिंगची आहे की उच्चारांची?

कुणी म्हणेल, उद्या कंपनीत इंग्रजीच लागणार. लागणारच! टेक्निकल शब्द यायलाच हवेत. पण आधी मराठीत 'काय झालं' ते सांगू द्या, मग त्याचं इंग्रजी नाव विचारा. समजलेल्या गोष्टीचं नाव पटकन लक्षात राहतं, नुसतं पाठ केलेलं पेपरनंतर उडून जातं.

जाता जाता एक. 'अल्जिब्रा' हा शब्द अरबी 'अल-जब्र'वरून आला. अर्थ, मोडलेलं पुन्हा जोडणं. हाड बसवण्यालाही हाच शब्द. मोडण्याचे इतके शब्द आपण पाठ करतोच आहोत, तर दोस्तहो, हा एक जोडण्याचाही लिस्टमध्ये टाका!