ना ईमान कमजोर, ना खानदान खराब

मोहल्ल्यात एखादा तरुण नशेच्या आहारी गेला की दोन निकाल लगेच लागतात. पहिला मोठ्या आवाजात : 'त्याचं ईमान कमजोर आहे.' दुसरा दबक्या आवाजात : 'बापही तसाच होता, खानदानातच आहे.' पहिला निकाल मुलाला गुन्हेगार ठरवतो, दुसरा त्याच्या बहिणीचा रिश्ता मोडतो. दोन्हीत उपचाराला जागाच उरत नाही.

माझ्या ओळखीच्या एका खालांचे शौहर दारूने गेले. मुलगा दारूला कधी शिवला नाही, पण खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आणि झोपेच्या गोळ्यांत अडकला. खाला त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारले, 'घरात कुणाला व्यसन होते का?' खालांनी 'आमच्यात कुणी पीत नाही' असे सांगितले. घरात लग्नाची मुलगी होती. पुढे नैराश्यावरची गोळी सुरू झाली. मळमळ आणि बेचैनी इतकी वाढली की दहा दिवसांत ती बंद केली. घरच्यांनी ठरवून टाकले : औषधाने काही होत नाही.

त्या एका खोट्या उत्तराची किंमत काय असते, हे विज्ञान सांगते. जुळी भावंडे आणि दत्तक मुले यांच्या अभ्यासांतून दिसते की दारूच्या व्यसनाचा धोका माणसामाणसांत वेगवेगळा असण्यामागे साधारण निम्मा वाटा जनुकांचा असतो. दारूचे व्यसन लावणारे एकच जनुक मात्र नाही. शेकडो जनुकीय फरक धोका थोडा-थोडा वाढवतात किंवा घटवतात. चीन, जपान, कोरियातल्या अनेकांमध्ये असलेल्या एका फरकामुळे दारू पिताच चेहरा लाल होतो, जीव कासावीस होतो. अशा लोकांना व्यसन लागण्याचा धोका कमी असतो. त्यांचे ईमान इतरांपेक्षा पक्के आहे, असे त्यावरून कुणी म्हणत नाही.

उरलेला निम्मा वाटा परिस्थितीचा. नेदरलँड्समधील जुळ्यांच्या एका अभ्यासात, धार्मिक वातावरणात वाढलेल्या मुलींच्या दारू सुरू करण्यावर जनुकांचा प्रभाव फारच कमी आढळला. म्हणजे आपल्या घरांतली दारूबंदी खरोखरच ढाल आहे. पण ढाल एका बाजूचाच वार अडवते. खालांचा मुलगा दारूपासून वाचला आणि बाटली-गोळीने पकडला गेला. मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अल्प्राझोलमच्या बातम्या आपण वाचतोच. 'आमच्यात दारू नाही' या समाधानात राहिलो, तर मेडिकलच्या काउंटरवरून घरात येणारी नशा दिसत नाही.

आता औषधाचे. नैराश्यावरील बऱ्याच गोळ्या यकृतातले काही एन्झाइम पचवतात. हे एन्झाइम किती वेगाने काम करतील, ते जनुकांवर अवलंबून असते. एस्सिटालोप्राम हे नेहमी दिले जाणारे औषध घ्या. ते ज्याच्या शरीरात सावकाश मोडते, त्याला नेहमीचा डोसही जास्त होतो. ज्याच्यात फार वेगाने मोडते, त्याला तोच डोस अपुरा पडतो. ते सावकाश मोडणाऱ्यांचे प्रमाण युरोपपेक्षा दक्षिण आशियात अधिक आहे. खोकल्याच्या औषधातले कोडीनही कुणाच्या शरीरात जवळपास निष्प्रभ ठरते, तर कुणाच्या शरीरात झपाट्याने मॉर्फिन बनून जिवावर बेतते. फिट्स आणि मूडच्या आजारात वापरले जाणारे कार्बामाझेपिन एका विशिष्ट जनुकीय प्रकारासोबत त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया घडवू शकते. हा प्रकार मुख्यतः आशियाई लोकांत सापडतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी तपासणी करण्याचा इशारा दिला.

म्हणून पहिली गोळी सोसली नाही, याचा अर्थ उपचार फसला असा नाही. डोस बदलता येतो, औषध बदलता येते. पण ते डॉक्टरांना सांगावे लागते. गुपचूप औषध बंद करून कळत नाही. झोपेच्या गोळ्यांची सवय एकदम तोडली तर फिट्सही येऊ शकतात. मुलाला खोलीत कोंडून नशा सोडवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जनुकांच्या नावाने नवा बाजार उभा राहतोय, त्यापासूनही सावध राहायला हवे. अफूजन्य औषधांच्या व्यसनाचा धोका सांगणाऱ्या एका जनुकीय चाचणीला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. काही महिन्यांतच शास्त्रज्ञांच्या एका गटाने ती मागे घेण्याची मागणी केली. या क्षेत्रातले बहुतेक संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहे. त्यावरून आपल्या मुलांचे भविष्य वाचणे धोक्याचे आहे. उद्या असा रिपोर्ट निकाहच्या बोलणीत मागितला जाऊ लागला, तर 'खानदान खराब' हा जुना शिक्का प्रयोगशाळेच्या कागदावर छापून येईल. तो आपण आजच नाकारला पाहिजे.

जनुकीय माहितीचा खरा उपयोग साधा आहे आणि त्याला पैसेही लागत नाहीत. वडिलांना, मामांना व्यसन होते का, घरात कुणाला नैराश्य होते का, कुठले औषध कुणाला सोसले नाही, हे डॉक्टरांना खरे सांगणे. ते बाहेर जाऊ न देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे; २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कुठे जावे कळत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे.

घरातल्या मोठ्यांनी मुलांशीही बोलावे. ज्या घरात व्यसनाचा इतिहास आहे, तिथल्या मुलाला 'तूही तसाच होशील' म्हणणे हा शाप झाला. 'तुला इतरांपेक्षा जास्त जपावे लागेल आणि आम्ही सोबत आहोत' हे म्हणणे ही खबरदारी. मधुमेह असलेल्या घरात मुलाला साखर जपून खायला सांगताना आपल्याला लाज वाटत नाही. मग इथेच का वाटावी?

खालांनी शेवटी डॉक्टरांना खरे सांगितले, पण दोन वर्षांनी. ती दोन वर्षे त्या मुलाची होती. ती त्याच्या जनुकांनी नाही, आपल्या लाजेने खाल्ली.