सर्व्हर त्यांचा बंद पडतो, पैसा आमचा बुडतो



वस्तीतल्या पोरांच्या तोंडी हल्ली एक वाक्य फार ऐकू येते. "मार्केट जात विचारत नाही." पॅन, आधार, बँक खाते आणि मोबाइल असला की झाले. आडनाव ऐकून चेहरा पाडणारा साहेब समोर नाही, फक्त स्क्रीन आहे. या वाक्याची ओढ आम्हाला कळते. सगळीकडे दार लावलेले असताना एखादे दार आपोआप उघडले, तर कुणीही आत जाईल.

आणि हे दार एकेकाळी खरोखरच बंद होते. 1917 मध्ये विलायतेहून परतल्यावर पोटापाण्यासाठी बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-रोख्यांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेला माणूस! सल्ला चांगला होता, गिऱ्हाईकही येत होते. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक आटले. सल्ल्यात खोट नव्हती, जातीत होती. 1994-95 मध्ये आधी एनएसई आणि मग मुंबई शेअर बाजार स्क्रीनवर आले, दलाल स्ट्रीटच्या रिंगणातला ओरडा संपला, ओळखीपाळखीच्या कोंडाळ्याबाहेरच्या माणसालाही सौदा करता येऊ लागला. हा बदल आम्ही नाकारत नाही.

पण यंत्र सुरळीत चालू असते तेव्हा सगळे सारखेच दिसतात. ते बंद पडले की कोण कुठल्या पायरीवर उभा आहे ते उघडे पडते.

24 फेब्रुवारी 2021 चा दिवस घ्या. सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी एनएसईने व्यवहार थांबवले. कारण सांगितले गेले ते टेलिकॉम कंपन्यांच्या लिंकमधल्या बिघाडाचे. त्यामुळे जोखीम तपासणारी यंत्रणाच हाताशी उरली नव्हती. अशा वेळेसाठी दुसऱ्या शहरात पर्यायी केंद्र उभे केलेले असते. त्या दिवशी बाजार तिकडे हलवला गेला नाही. का नाही, हा प्रश्न सेबीलाही विचारावा लागला. तासामागून तास गेले, बाजार पुन्हा कधी उघडणार हे कुणी सांगेना. इंट्राडे करणाऱ्याची पोझिशन त्याच दिवशी मिटवावी लागते. ब्रोकरने घड्याळाकडे पाहिले, एनएसई आज उघडत नाही असे धरले आणि अनेक गिऱ्हाइकांचे सौदे चालू असलेल्या दुसऱ्या बाजारात मिळेल त्या भावाने कापून टाकले. त्यानंतर एनएसई दुपारी 3.45 ला उघडली आणि 5 पर्यंत चालली! ज्याचा सौदा कापला गेला होता, त्याने घरी बसून वर जाणारा भाव पाहिला.

पुढे काय झाले? 2023 मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने सेबीकडे सुमारे 72 कोटी रुपये भरून प्रकरण मिटवले. आरोप मान्य नाही, अमान्यही नाही. तडजोडीची अशी रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जाते, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याच्या खात्यातून त्या दुपारी दहा हजार गेले, त्याच्या हातात त्यातला रुपयाही पडत नाही. चूक बाजाराची, दंड सरकारला, तोटा पोराचा. हा हिशेब कुठल्या न्यायात बसतो?

यावर उत्तर येते की यंत्र मोठ्यांनाही बुडवते. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलचे उदाहरण देतात. 1 ऑगस्ट 2012 रोजी या कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा प्रोग्राम चढवायचा राहिला, जुना मेलेला कोड जागा झाला आणि 45 मिनिटांत सुमारे 44 कोटी डॉलर गेले. खरे आहे. पण त्यांच्या मदतीला आठवड्याच्या आत इतर वित्तसंस्था 40 कोटी डॉलर घेऊन धावल्या, हे सांगायला कुणी थांबत नाही. आमच्या पोराच्या मदतीला कोण येते? मोबाइलवरच कर्ज देणारे दुसरे अ‍ॅप. त्याच अमेरिकेत 6 मे 2010 रोजी डाऊ निर्देशांक काही मिनिटांत सुमारे हजार अंकांनी कोसळला आणि सावरला. नंतर बाजारांनी ठरवले की आधीच्या भावापासून 60 टक्क्यांहून जास्त हललेले सौदे रद्द. ज्याचा शेअर निम्म्या भावात विकला गेला, त्याचा सौदा कायम! कुठली चूक चूक मानायची, ही रेघ माणसे ओढतात. जातिव्यवस्थेत वाढलेल्या आपल्याला अशी रेघ नवी नाही.

आणि बिघाड नसतानाही रांग सारखी नसते. बाजाराच्या आवारातच आपला सर्व्हर ठेवण्याची सोय, तिला को-लोकेशन म्हणतात, पैसे मोजणाऱ्यांना मिळते. भाव त्यांना आधी दिसतो, वस्तीतल्या मोबाइलला नंतर. या सोयीतही काहींना आणखी पुढची जागा मिळाल्याचे प्रकरण वर्षानुवर्षे चालले. 2019 मध्ये सेबीने एनएसईला सुमारे 625 कोटी आणि व्याज भरायला सांगितले, 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द करून 100 कोटींवर आणला, 2024 मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून संगनमताचा आरोपही मिटला. कायद्याने मिटले असेल. पण पैसे मोजून रांगेत पुढे उभे राहण्याला "गुणवत्ता" म्हणू नका. हा शब्द आम्ही आरक्षणाच्या वादात फार ऐकला आहे.

सेबीचाच 2024 चा अभ्यास सांगतो: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. 2023-24 मध्ये या लोकांत तिशीच्या आतले 43 टक्के. परकीय संस्थांच्या नफ्यातला 97 टक्के वाटा अल्गोरिदमने कमावलेला. म्हणजे समोरच्या बाजूला माणूस नाहीच, आणि आपण "अनुभव येईल हळूहळू" म्हणत शिष्यवृत्तीचे पैसे लावतो आहोत.

आमच्या मागण्या अवघड नाहीत. बाजार किंवा ब्रोकरची यंत्रणा बंद पडली तर ज्याचा सौदा कापला गेला त्याला थेट भरपाई, अर्ज-विनंतीशिवाय. प्रत्येक बिघाडाचा अहवाल मराठीसह सर्व भारतीय भाषांत. आणि सर्व्हर चालवणाऱ्या, नियम लिहिणाऱ्या खुर्च्यांवर आपली इंजिनिअर झालेली पोरे-पोरी किती, याची जाहीर आकडेवारी.

तोपर्यंत ऑप्शन्सपासून लांब राहा, हे आम्ही स्पष्ट सांगतो. ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत त्यांनी अ‍ॅप अडकले की लगेच स्क्रीनशॉट काढावा, वेळ मिनिटासह लिहून ठेवावी, ब्रोकरला ईमेलने तक्रार करावी आणि उत्तर आले नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर जावे. फोनवरच्या गोड बोलण्यावर थांबू नये. अर्ज लिहायला अडचण असेल तर रविवारी विहारात या, बसून लिहू.

जय भीम!