मागे फिरणारा पायलट

खासगी विमान किंवा हेलिकॉप्टर पडलं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: ‘हवामान अचानक बिघडलं.’ मला या ‘अचानक’वर जरा बोलायचं आहे.

मी पायदळातला माणूस, विमान चालवणं माझं काम नाही. पण दिसतं त्यावर उडणं म्हणजे काय, हे डोंगरातल्या पोस्टिंगमध्ये पायलट मंडळींबरोबर चहा पिता पिता समजत गेलं. असं उड्डाण करणारा पायलट बाहेर बघून उडतो. क्षितिज, नदी, रस्ता, डोंगराची धार. त्याचा सर्वसाधारण नियम असा, की 10,000 फुटांखाली किमान 5 किलोमीटर दिसलं पाहिजे आणि ढगापासून आडवं दीड किलोमीटर, उभं 1,000 फूट अंतर हवं. म्हणजे ढगात शिरल्यावर काय करायचं हा प्रश्न येण्याआधी दीड किलोमीटरवरच तुम्ही वळलेले असायला हवेत. बहुतेक वेळा ढग समोर दिसत असतो. जे उशिरा होतं ते ‘आता पुढे जाता येणार नाही’ हे मान्य करणं.

ढगात शिरल्यावर नेमकं काय होतं? तोल सांभाळण्यासाठी आपल्या कानाच्या आत द्रव भरलेल्या नळ्या असतात. सारख्या गतीने वीसेक सेकंद वळत राहिलं की तो द्रव स्थिर होतो आणि मेंदूला वाटतं आपण सरळ चाललोय. क्षितिज दिसत असतं तेव्हा डोळे ही चूक सुधारतात. पांढऱ्या अंधारात सुधारायला कोणी नसतं. विमान कलतं, नाक खाली जातं, वेग वाढतो. पायलट उंची राखायला स्टिक मागे ओढतो आणि वळण आणखी आवळतं. इंग्रजीत याला ‘ग्रेव्हयार्ड स्पायरल’ म्हणतात. अंगाला मात्र सगळं ठीक वाटत असतं. नेम धरताना डोळ्यावर विश्वास ठेवायला शिकलेल्या आपल्यासारख्यांना हे पटायला जड जातं.

1954 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने एक चाचणी घेतली. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या 20 जणांना ढगासारख्या परिस्थितीत टाकलं. विसांच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आता दुसरा आकडा पाहा: सेकंदाला तीन अंश या नेहमीच्या गतीने वळलं तर पूर्ण मागे फिरायला 60 सेकंद लागतात. त्या चाचणीचा हेतूही तोच होता, अशा माणसाला ढगातून वळून बाहेर पडायला शिकवता येतं का हे पाहणं. येतं. अमेरिकेत खासगी लायसन्ससाठी उपकरणांवरचे तीन तास सक्तीचे आहेत ते याच कामासाठी. ढगात राहायला ते पुरत नाहीत, बाहेर पडायला उपयोगी पडतात.

मग माणसं वळत का नाहीत?

16 जुलै 1999 च्या रात्री जॉन केनेडी ज्युनियर स्वतःचं विमान घेऊन न्यू जर्सीहून निघाले. बरोबर पत्नी आणि मेहुणी. दुसऱ्या दिवशी घरातलं लग्न होतं. उपकरणांवर उडायचं रेटिंग त्यांच्याकडे नव्हतं. समुद्रावर धुरकट हवा आणि काळी रात्र, क्षितिज गायब. तिघंही गेले. चौकशीत कारण निघालं दिशाभ्रम. घरी लग्नमांडव पडलेला असताना ‘आज नको, सकाळी निघू’ म्हणणं किती अवघड असतं, हे रजेवर निघालेल्या जवानाला वेगळं सांगायला नको.

हे फक्त नवख्यांचं होतं असंही नाही. जानेवारी 2020 मध्ये कोबी ब्रायंटना घेऊन निघालेला पायलट चांगला अनुभवी होता. ढगात शिरल्यावर त्याने नियंत्रकाला सांगितलं की 4,000 फुटांवर चढतोय, आणि त्याच वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली निघालं होतं. नऊ माणसं गेली. प्रवाशांकडून दबाव आल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही. दबाव बहुधा त्याने स्वतःच स्वतःवर घेतला होता.

आणि आपल्या सगळ्यांच्या मनात असलेली 8 डिसेंबर 2021 ची तारीख. कुन्नूरजवळ जनरल रावत यांच्यासह 14 जण आपण गमावले. ते खासगी उड्डाण नव्हतं, पायलट हवाई दलाचे कसलेले होते, आणि निष्काळजीपणा नव्हता हे चौकशीने स्पष्ट केलं. दरीत हवामान अनपेक्षित बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, दिशाभ्रम झाला. तिथे ‘अनपेक्षित’ हा शब्द मला मान्य आहे. पण कसलेल्या हातांचंही दरीतल्या ढगात असं होत असेल, तर शंभर-दोनशे तास उडालेल्या हौशी पायलटने स्वतःला किती सूट द्यावी?

अरुणाचलमधल्या आमच्या पोस्टवर लीव्ह पार्टी पेट्या बांधून हेलिपॅडशेजारी बसायची. दरीतून चीताचा आवाज वर यायचा, जवळ यायचा, मग लांब जायचा. त्यानंतर पोरांच्या तोंडून जे निघायचं ते इथे लिहीत नाही. आमचे सुभेदार साहेब मात्र शांतपणे चूल पेटवायला सांगायचे. म्हणायचे, ‘उद्या येईल. आज आला असता तर उद्या कोण आलं असतं?’

आपल्याकडे मागे फिरणं म्हणजे भ्याडपणा हे फार खोल बसलंय. गनिमी काव्यात माघार हीसुद्धा एक चाल होती, हे आपण शाळेत शिकतो आणि शाळेतच विसरतो. त्यामुळे परतलेल्या पायलटला पहिला प्रश्न येतो, ‘का परत आलात?’ माझं मत आहे की हा प्रश्न बंद झाला पाहिजे. फ्लाइंग क्लबमध्ये, चार्टर कंपन्यांत आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या साहेबांच्या तोंडीही. निवृत्तीनंतर आपल्यातले बरेच जण अशा सीटवर बसतात, कुणाची मुलं-पुतणे खासगी लायसन्स काढतायत. त्यांना ‘किती वेळात पोहोचू’ विचारण्याऐवजी इंजिन सुरू व्हायच्या आधी एवढंच विचारा: ‘काय दिसेनासं झालं की परत फिरणार?’ उत्तर चटकन आणि नेमकं आलं तर बसा. ‘बघू पुढे गेल्यावर’ असं आलं, तर पेटी उतरवून घ्या आणि चहा मागवा.