लंकेला जागा आहे, शेळीवाल्याला नाही

रामनगरची रामलीला ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे सांगावयास नको की, त्या गावात लंकेला कायमची जागा आहे. (विश्वविद्यालयाच्या फाटकाबाहेरची लंका नव्हे, ती गंगेच्या पश्चिम तीरावर राहिली. आम्ही पूर्व तीरावरच्या लंकेविषयी बोलत आहोत.) अयोध्या, जनकपूर, पंचवटी, अशोकवाटिका या सर्वांची स्थाने किल्ल्याच्या आसमंतात ठरून गेलेली आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून दरवर्षी सुमारे महिनाभर, ध्वनिक्षेपकावाचून आणि विजेच्या दिव्यांवाचून, लीला या स्थानाहून त्या स्थानी जात असते. रावणाच्या राजधानीसाठीही या गावाने भूमी नेमून दिली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. जिच्यावाचून कथा पुरी होत नाही तिला, ती आवडो वा नावडो, जागा ही द्यावीच लागते, एवढे शहाणपण त्या योजनेत आहे.

तेवढे शहाणपण त्याच गावाच्या बाजारव्यवस्थेत आम्हांस दिसत नाही. रामनगरच्या शिवारात, आणि तेथून चंदौली-मिर्झापूरकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा, दोन-तीन बिघे जमीन, एखादी म्हैस आणि चार-पाच शेळ्या एवढ्यावर संसार रेटणारी कुटुंबे आहेत. शेळ्या बायका-मुले राखतात. वर्षाकाठी तीन-चार बोकड विकावयास निघतात. त्या कुटुंबाने आपल्या बोकडाचे मांस आपल्या हाताने विकावे अशी, पाणी आणि मोरी असलेली व कायद्याला मान्य होईल अशी, दहा हात जागा आमच्या पाहण्यात नाही. म्हणून बोकड जिवंतच विकला जातो. घेणारा व्यापारी तो काट्यावर तोलीत नाही. पाठीवरून आणि कमरेवरून हात फिरवितो, मान हालवितो आणि आकडा सांगतो.

समजा, बोकड बावीस किलोचा आहे. त्याचे साधारण दहा किलो मांस पडते. व्यापाऱ्याने तो अठराचा धरला की सुमारे दोन किलो मांसाचा दाम तेथेच बुडाला. मुंडी, पाय, वजडी आणि कातडी यांचा हिशेब तर निघतच नाही. शेळीवाला घासाघीस करू शकत नाही, कारण त्याने बोकड हौसेने काढलेला नसतो. घरात कोणी आजारी असते, शाळेची फी भरावयाची असते किंवा पेरणी तोंडावर आलेली असते. बकरी ईदच्या आधीचे थोडे दिवस सोडले तर भाव ठरविणारा सदैव दुसराच. २०१७ मध्ये सामनेघाटचा पूल खुला झाला आणि रामनगर बनारसला पक्के जोडले गेले. पण पुलावरून शेळीवाल्याचा माल शहरात जातो तो दुसऱ्याचा होऊन.

कोणी म्हणेल, कायदाच असा आहे, त्याला कोण काय करणार? आमचे बहुसंख्य वाचक कायदा राबविणारे आहेत, म्हणून हा मुद्दा जरा विस्ताराने पाहणे भाग आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ मध्ये जे नियम झाले त्यांनी लहान अन्नव्यावसायिकाची एक वेगळी पायरी मानली. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असलेल्यास, आणि दिवसाला दोन मोठी जनावरे, दहा लहान जनावरे किंवा पन्नास कोंबड्या यांहून अधिक न कापणाऱ्यास, परवान्याचा सारा खटाटोप नको. साधी नोंदणी पुरे. तिचे शुल्क त्या नियमांत वर्षाला शंभर रुपये ठरले. दिवसाला दहा लहान जनावरे! आमच्या शेळीवाल्याची ती तीन वर्षांची मिळकत झाली. म्हणजे हे नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लहान माणूस होता, हे निर्विवाद आहे.

परंतु दुसऱ्या हाताने काय केले तेही पाहावे. २००१ च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्याच्या नियमांनुसार नगरहद्दीत मान्यताप्राप्त किंवा परवाना असलेल्या कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. हा नियम आम्हांस अमान्य नाही. रस्त्याकडेला, गटाराच्या काठी जनावर कापले जावे असे कोणता सुबुद्ध मनुष्य म्हणेल? प्रश्न एवढाच की, तो कत्तलखाना बांधावयाचा कोणी? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत कत्तलखान्यांचे नियमन हा विषय नगरसंस्थांकडे आहे. २०१७ च्या वसंतात उत्तर प्रदेशात अवैध कत्तलखान्यांवर मोहीम निघाली, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने सरकारला बजाविले की, वर्षानुवर्षे व्यवस्था उभी केली नाही याची ढाल पुढे करून जवळजवळ संपूर्ण बंदी लादता येणार नाही. त्यावर व्यवस्था उभी राहावी, ही अपेक्षा स्वाभाविक होती. पण २०१८ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कत्तलखाने चालविण्याची जबाबदारीच स्थानिक संस्थांच्या अंगावरून उतरविण्याचे ठरविले. नोंदणी मिळेल, पण कापण्यास जागा नाही. कापलेस तर गुन्हा. याला नियमन म्हणत नाहीत. दार उघडे ठेवून जिना काढून नेण्याचा हा प्रकार आहे.

आणि या मोहिमेत टिकले कोण? म्हशीचे मांस परदेशी धाडणारे यांत्रिक कत्तलखाने मोठ्या संख्येने याच राज्यात आहेत. त्यांच्याकडे शीतगृहे आहेत, पशुवैद्य आहेत आणि वकीलही आहेत. त्यांनी नियम पाळले तर आमची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु स्वच्छतेच्या नावाने निघालेल्या फेऱ्यात मोठा तरतो आणि गावातला लहान तेवढा बुडतो, तेव्हा ती स्वच्छता नक्की कशाची झाली, हे विचारण्याचा अधिकार आम्ही सोडणार नाही.

आता पावित्र्याचा मुद्दा. काशी हे क्षेत्र आहे. पूर्वी स्वतःची नगरपालिका असलेले रामनगर आता वाराणसी महापालिकेच्या हद्दीत आले आहे. २०२५ च्या चैत्री नवरात्रात त्या हद्दीतील मांस-मासळीची दुकाने बंद ठेवण्याचा निर्णय झाला. सणावाराला मांस वर्ज्य करणे ही आमचीही रीत आहे. श्रावण पाळणाऱ्या घरांतच आम्ही वाढलो, आणि श्रावणाच्या आदल्या अमावास्येला मटणाच्या दुकानापुढे लागणारी रांगही आम्हां मराठी माणसांना कोणी वर्णन करून सांगावयास नको. वर्ज्य करणे निराळे आणि अस्तित्वच नाकारणे निराळे. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत उत्तर प्रदेशातील पंधरा वर्षांवरील शंभर माणसांपैकी सुमारे सत्तेचाळीस शाकाहारी निघाली, महाराष्ट्रात सुमारे चाळीस. म्हणजे दोन्ही प्रांतांत निम्म्याहून अधिक लोक मांस खाणारे आहेत. हे लोक नऊ दिवसांनी, पंधरा दिवसांनी पुन्हा बाजारात येतात. मोठा दुकानदार तेवढे दिवस माल थंडीत ठेवतो. तीन बोकडांचा धनी मात्र आधीच्या आठवड्यात, पडेल भावात, आपला बोकड देऊन बसलेला असतो. बंदीचा खर्च कोणाच्या माथी पडतो हे बंदीचा हुकूम लिहिताना कोणी मांडून पाहिले आहे काय?

यात उत्तरेकडे बोट दाखवून मराठी मनाने सुखावण्यासारखे काही नाही. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवण्याचा हुकूम कल्याण-डोंबिवली महापालिकेनेही काढला होता. महाराष्ट्रात २०१६ साली फळे-भाजीपाला बाजारसमित्यांच्या बंधनातून मोकळा झाला, संत सावता माळी यांच्या नावाने शेतकऱ्यांचे आठवडे बाजार शहरांत भरू लागले, आणि शेतकरी व गिऱ्हाईक यांची थेट गाठ पडल्याबद्दल सर्वत्र आनंद व्यक्त झाला. आम्हांसही तो झाला. पण ती गाठ मुख्यतः मेथीच्या जुडीपाशी आणि डाळीच्या पोत्यापाशीच थांबली. उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळीची कीर्ती पशुसंवर्धनाच्या पुस्तकांत कितीही असो, ती पाळणारा लोणंदच्या बाजारात अजून व्यापाऱ्याच्याच तोंडाकडे पाहतो.

वास्तविक आमच्या खेड्यांत यापेक्षा चांगली रीत होती, आणि ती पुष्कळ ठिकाणी आजही आहे. दहा-बारा घरे मिळून एखाद्याचा बोकड ठरवीत, मुलाणी येऊन हलाल करी व आपला हक्क घेऊन जाई, आणि पळसाच्या किंवा केळीच्या पानावर वाटे पडत. प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडी नळी, थोडे चरबीचे, थोडे हाडाचे, असा न्याय असे. बोकड कोणाचा, काय खाऊन वाढला, त्याला काही दुखणे होते की नव्हते, हे घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे. धन्याला व्यापाऱ्याच्या भावाहून अधिक मिळे, घेणाऱ्याला दुकानाहून स्वस्त पडे. ‘वाट्याचे मटण’ हा शब्द ज्यांच्या घरात अजून आहे त्यांना आमचे म्हणणे लगेच पटेल. परदेशांतल्या शेतकरी-बाजारांत स्वतःच्या शेतावरचे मांस विकणाऱ्या कुटुंबाचे आज जे कौतुक होते, ते याहून फारसे वेगळे नाही.

त्या देशांनी मात्र कौतुकाबरोबर कायदाही जुळवून घेतला. अमेरिकेच्या संघीय कायद्यात स्वतः वाढविलेल्या वर्षाला एक हजारपर्यंत कोंबड्या कापून विकणाऱ्या शेतकऱ्याला प्रत्येक पक्ष्यामागे सरकारी तपासनीस उभा करण्याच्या अटीतून, स्वच्छतेच्या अटीवर, सूट आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमांनी शेतावर कापलेल्या थोड्या कोंबड्या थेट खाणाऱ्याला किंवा गावातल्या दुकानाला देण्याचा व्यवहार मोठ्या कारखान्यांच्या तरतुदींतून वगळून प्रत्येक देशाच्या स्वतःच्या नियमांवर सोपविला. बोकडासारख्या जनावराला तेथेही तपासलेला कत्तलखाना लागतो, हे आम्ही लपवीत नाही. आमचा आग्रह तोच आहे: कत्तलखाना लागतो, तर तो असू द्या, आणि लहान माणसाला परवडेल एवढा लहान असू द्या.

रोगराईची भीती खरी आहे. शेळ्यांत साथीचे रोग असतात, काही माणसालाही होतात. कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर पशुवैद्याची नजर हवीच. पण ही भीती शेळीवाल्याच्या विरुद्ध पुरावा कशी होते, ते आम्हांस समजत नाही. उघड्यावरचा व्यवहार अंधारात ढकलला म्हणजे पशुवैद्याची नजर त्याच्यावर पडेनाशी होते, एवढाच त्याचा परिणाम. एक फरसबंद खोली, वाहते पाणी, रक्त व घाण वाहून नेणारी झाकलेली मोरी, टांगण्याची कडी, प्रमाणित काटा, आणि आठवड्यातून दोन सकाळी येणारा पशुवैद्य: रामनगरसारख्या वस्तीला याहून मोठे काही लागत नाही. खोलीपुढे ओटे बांधावेत, आणि ज्याचा बोकड त्यानेच ओट्यावर बसावे.

याच मातीतल्या वांग्याचे उदाहरण फार बोलके आहे. रामनगरचा भंटा, ज्याचे चोखे बाटीबरोबर खाऊन आमच्या पुष्कळ वाचकांनी बनारसच्या बदलीचे दुःख विसरले असेल, त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या नावाची मोहर कायद्याने राखली गेली. उचित झाले. त्याच शिवारातला बोकड मात्र बिननावाचा, बिनवजनाचा, रात्रीच्या टेम्पोत चढविला जातो, आणि ते पाहून कोणालाही काही चुकल्यासारखे वाटत नाही. वांगे दाखविता येते, बोकड दाखविता येत नाही, एवढाच दोहोंतला फरक. मांस खावे, पण ते कोठून येते हे दिसू नये, ही सुशिक्षितांची जुनी सोय आहे. त्या सोयीसाठी आम्ही कापण्याचे काम ठरावीक जातींवर टाकले, त्यांच्या वस्त्या गावाच्या कडेला लोटल्या, आणि आता गावच वाढत वाढत त्या कडेपर्यंत गेले तेव्हा त्यांना आणखी पुढे सरकावयास सांगत आहोत.

आमचे वाचक यात काय करू शकतात? पुष्कळ. कोणी जिल्हा कचेरीत आहे, कोणी रेल्वेत, कोणी अन्नसुरक्षेच्या खात्यात, कोणी बँकेत शेळीपालनाच्या कर्जावर सही करतो. कर्ज देताना शेळ्यांची संख्या विचारली जाते. बोकड कोठे विकणार, हा रकानाही कोणी मागितला तर हरकत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक नगरात विक्रेत्यांची समिती मागितली आहे आणि तिच्यात चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्याच प्रतिनिधींना दिल्या आहेत. त्या समितीपुढे आठवड्याच्या दोन सकाळींचा मांसबाजार हा विषय ठेवण्यास कोणता नियम आड येतो, ते कोणीतरी आम्हांस दाखवावे. पुढच्या बैठकीत अवैध विक्रीवर झालेल्या कारवायांचा तक्ता समोर येईल तेव्हा त्याच्याशेजारी आणखी एक आकडा मागावा: या वर्षात वैध विक्रीसाठी किती ओटे बांधले गेले. आणि लीलेच्या महिन्यात गंगा ओलांडून रामनगरास जाल तेव्हा, लंकेच्या मैदानावर पोचण्यापूर्वी, वाटेत शेळ्या हाकीत येणाऱ्या एखाद्या बाईला बोकडाचा भाव विचारून पाहावा. तो तिला ठाऊक नसतो. व्यापारी यावयाचा असतो.